फाल्गुनातला साल्हेर-सालोटा : नवख्यांसाठी एका दिवसाची वाट

मार्च उजाडला की आमच्याकडे धुळ्या-जळगावात लोक डोंगराचा विषयच मिटवून टाकतात. "आता काय ते पावसाळ्यात." मला हे पटत नाही. पावसाळ्यात साल्हेर ढगात असतो, सालोट्याच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि नवख्या माणसाला समोरची दहा पावलं सोडून काही दिसत नाही. फाल्गुनात दगड कोरडा असतो, दिवस मोठा असतो, झाडोरा विरळ झाल्यामुळे वाट उघडी पडते आणि खालच्या उतारांवर पळस पेटलेला असतो. अडचण एकच, ऊन. म्हणून हा दिवस उन्हाच्या घड्याळावर बेतावा लागतो. सालोटा सकाळी, साल्हेर दुपारच्या आत, दुपार गुहेत, उतार ऊन कलल्यावर. हा क्रम मोडायचा नाही.

दोन्ही डोंगर एकमेकांना खेटून आहेत. साल्हेरची उंची १५६७ मीटर. कळसूबाई १६४६ मीटर, तिच्याखालोखाल राज्यात हेच टोक, आणि किल्ल्यांमध्ये तर सगळ्यात उंच. सालोटा त्याहून थोडासाच बुटका. दुरून ओळखायची खूण सोपी आहे. साल्हेर म्हणजे ऐसपैस बैठक आणि तिच्यावर छोटी टोपी, सालोटा म्हणजे उपडी घातलेली निमुळती शंकूसारखी रास. दोघांच्या मध्ये खिंड, आणि ती खिंडच आपला दिवसभराचा नाका. हे डोंगर ज्यात आहेत तो बागलाण तालुका आज नाशिक जिल्ह्यात मोडतो, पण १८६९ मध्ये नाशिक जिल्हा वेगळा झाला त्याआधी हा मुलूख खानदेशातच होता. बागलाणातल्या ताहराबादच्या बाजारात आजही खानदेशची अहिराणी बोली कानावर पडते. त्यामुळे आम्हा धुळेकरांना हे डोंगर परके वाटत नाहीत.

महिनाभर आधी : लळिंगवर पाय तपासा

साल्हेर-सालोटा एका दिवसात करणं म्हणजे चालण्याचे आठ-नऊ तास, आणि त्यातले बरेचसे चढ-उताराचे. रोज सकाळी मैदानाला चार फेऱ्या मारणाऱ्यालाही हे झेपेलच असं नाही, कारण सपाटीवर मांडीचे जे स्नायू झोपलेले असतात तेच इथे उतारावर लागतात. धुळ्याजवळ मुंबई-आग्रा महामार्गावर लळिंगचा किल्ला आहे, फारुकी राजवटीच्या सुरुवातीच्या काळातला. महिनाभर आधी तिथे जा. पाठीवर चार किलोचं वजन घ्या, चढा, उतरा, पाणी प्या आणि लगेच पुन्हा चढा. दुसऱ्या उतारावर गुडघे थरथरले तर अजून दोन आठवडे सराव हवा, असं समजा. चाळीसगाव-जळगावकडच्यांनी हाच सराव पाटणादेवीजवळ कण्हेरगडावर करावा, नंदुरबारकरांना तोरणमाळचे उतार आहेत.

गुडघ्याचं जुनं दुखणं, रक्तदाब, दमा असेल तर डॉक्टरांना विचारा आणि सोबत्यांपासून लपवू नका. उंचीची भीती असणाऱ्यांनी साल्हेर जरूर करावा, सालोटा मात्र खिंडीतून बघावा. त्यात काही उणं नाही. दहा वर्षांखालच्या मुलांना या जोडचढाईला आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

गट चार ते आठ जणांचा असू द्या. चारपेक्षा कमी असतील आणि एकाचा पाय मुरगळला, तर त्याच्याजवळ एक आणि मदत आणायला दोन अशी वाटणी जमत नाही. आठपेक्षा जास्त झाले की सालोट्याच्या घळीत वरच्यांनी सोडलेला दगड खालच्यांच्या डोक्यात जायची भीती.

दिवस कोणता धरायचा

माघी पौर्णिमेपासून होळीनंतरच्या आठवड्यापर्यंतचा काळ उत्तम. गुढीपाडवा उलटला की नवख्यांनी हा बेत दिवाळीनंतरवर टाकावा. खाली पारा चाळिशीला टेकलेला असतो. वर हजार मीटरला साधारण सहा-साडेसहा अंश उतरतो हे खरं, पण कातळ तापला की हा फरक अंगाला कळतसुद्धा नाही.

होळीच्या ऐन दिवशी मात्र जाऊ नका. या पट्ट्यातल्या कोकणा आणि भिल्ल वस्त्यांमध्ये होळी हा वर्षातला मोठा सण. वाटाड्या मिळणार नाही, आणि मिळालाच तर त्याला सणातून ओढून नेल्यासारखं होईल. होळीनंतर चार-पाच दिवसांनी गेलात तर गाव निवांत असतं आणि मोहाची फुलं गळायला लागलेली असतात. पहाटे पायथ्याच्या वाघांबे गावाच्या वाटेवर तो गोडसर, जरा आंबूस वास आला की समजायचं, मोहाचं झाड जवळ आहे. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून लोक झाडाखालचा पाचोळा जाळतात. त्यामुळे कुठे धूर दिसला तर घाबरू नका, पण वारा कुठल्या बाजूचा आहे ते बघा आणि आगीच्या वरच्या अंगाला जाऊ नका. वाळक्या गवताच्या चढावर आग माणसापेक्षा वेगानं वर चढते. तुमच्यापैकी कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर ती गाडीतच राहू द्या. फाल्गुनात या डोंगरावर एक थोटूक पुरे होतं.

पाठीवर काय घ्यायचं

पाणी माणशी चार लिटर. हा आकडा वाचून लोक मान हलवतात आणि दोन लिटर घेऊन येतात. हिशेब साधा आहे. खिंडीपर्यंत एक लिटर, सालोट्यावर एक, साल्हेरच्या चढाला एक, आणि एक राखीव, वरचं पाणी मिळालंच नाही तर उतरण्यासाठी. साल्हेरच्या माथ्यावर गंगासागर तलाव आहे आणि त्याच्या शेजारच्या टाक्यातलं पाणी प्यायला घेतात. पण फाल्गुनात ते किती खाली गेलंय ते पोहोचल्यावरच कळतं. मिळालं तर पंचातून गाळा, शुद्धीकरणाची गोळी टाका आणि अर्धा तास थांबून मग प्या. सालोट्यावरच्या टाक्यांच्या भरवशावर राहू नका.

नुसतं पाणीही पुरत नाही. घामातून मीठ जातं, आणि फक्त पाणी पीत राहिलं की दुपारी डोकं जड होऊन मळमळायला लागतं. माणशी दोन ओआरएसची पाकिटं घ्या, किंवा लिंबू-मीठ-साखरेचं पाणी एका बाटलीत घरूनच करून आणा.

खायला आमच्या दशम्यांइतकं सोयीचं काही नाही. दुधात कणीक भिजवून केलेल्या दशम्या दिवसभर मऊ राहतात. सोबत शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा, काकडी. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी चवीला झकास, पण उन्हात कोरडी पडते आणि घशाखाली उतरायला पाणी मागते, म्हणून ती सकाळच्या न्याहारीला संपवा. केळी घ्या. जळगावच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. साली मात्र पिशवीत परत आणा. वर वानरं आहेत, आणि एकदा माणसाच्या हातचं खाणं त्यांना माहीत झालं की पुढच्या गटाच्या पिशव्या ती फाडतात.

बूट तळाला खाचा असलेले, घोट्याला पकड देणारे आणि आधी वापरलेले हवेत. नवे कोरे बूट या वाटेवर पहिल्यांदा घालणं म्हणजे खिंडीतच टाचेला फोड. अंगात पूर्ण बाह्यांचा सैल, फिक्या रंगाचा सदरा, डोक्याला कडा असलेली टोपी. एक सुती पंचा हवाच. तो भिजवून मानेवर टाकता येतो, त्यातून पाणी गाळता येतं, मुरगळलेला पाय त्यानं बांधता येतो, मधमाश्या आल्या तर तोंड झाकता येतं. जवळ विजेरी असू द्या, सूर्यास्ताच्या आत उतरणार असलात तरी. अत्तर, सुवासिक तेल, फवारे काही लावू नका. या कड्यांवर आग्या मोहोळं असतात आणि वासानं किंवा धुरानं माश्या उठतात. उठल्याच तर हात झाडायचे नाहीत. डोकं-तोंड झाकून, पाय कुठे पडतोय ते बघत, शक्य तितक्या लवकर तिथून दूर व्हायचं.

धुळ्याहून वाघांबेपर्यंत

रस्ता धुळे, साक्री, पिंपळनेर, सेलबारीचा घाट, ताहराबाद, मुल्हेर, वाघांबे असा. स्वतःची गाडी असेल तर तीन-साडेतीन तास धरा. एसटीनं ताहराबादपर्यंत सहज येता येतं, पुढच्या गाड्या कमी आहेत आणि पहाटे सहाला वाघांबेत पोहोचवणारी गाडी मिळणं कठीण. म्हणून सरळ आदल्या संध्याकाळी या. मुल्हेरला किंवा वाघांबेत कुणाच्या घरी ओसरीवर झोपायची सोय होते. जेवणाचे आणि राहण्याचे पैसे आधी विचारा आणि घासाघीस न करता द्या.

वाटाड्या घ्याच. वाघांबेच्या बाजूनं खिंडीकडे जाताना गुरांच्या वाटा फुटतात आणि अंधारात त्या खऱ्या वाटेपेक्षा जास्त ठळक वाटतात. शिवाय कुठल्या टाक्यात पाणी आहे, कुठल्या कड्यावर यंदा मोहोळ बसलंय, कालच्या वाऱ्यात कुठे दरड सुटली, हे गावातल्या माणसालाच ठाऊक असतं.

मुल्हेरच्या पुढे मोबाइलचा काही भरवसा नाही. घरी किंवा मित्राला आधीच कळवा : किती जण, कुठून चढणार, कधी उतरणार, आणि रात्री नऊपर्यंत फोन आला नाही तर काय करायचं. ११२ (तातडीची मदत) आणि १०८ (रुग्णवाहिका) हे क्रमांक रेंज असेल तिथूनच लागतील. त्यामुळे कुठल्या वळणावर रेंज मिळते ते येतानाच लक्षात ठेवा.

पहाट : गाव ते खिंड

साडेपाचला चहा, सहाला पाय बाहेर. मार्चच्या मध्यावर सूर्य पावणेसातच्या सुमाराला उगवतो. उजाडेपर्यंतचा तास विजेरीच्या उजेडात शेतांच्या बांधावरून जातो आणि खरा चढ सुरू होईपर्यंत आभाळ तांबडं झालेलं असतं.

नवखा माणूस इथेच चूक करतो. हवा गार असते, अंगात जोम असतो, आणि तो पळतो. पहिल्या तासात बोलता-बोलता चालता आलं पाहिजे. धाप लागून वाक्य तुटत असेल तर वेग कमी करा. गटाचा वेग सगळ्यात हळू चालणाऱ्याचा. त्याला पुढून दुसऱ्या जागी ठेवा, शेवटी नाही. शेवटचा माणूस थांबलेल्या गटाला गाठतो तेव्हा गट निघायच्या तयारीत असतो, म्हणजे ज्याला विश्रांती हवी त्यालाच ती मिळत नाही.

वाळकं गवत हा या ऋतूतला न दिसणारा शत्रू. आडवं पडलेलं गवत पायाखाली गुळगुळीत होतं आणि बुटाची खाच त्यात धरत नाही. पाऊल गवतावर टाकू नका, मातीवर किंवा दगडावर टाका. उतारावर तर हे दुप्पट पाळा.

दीड-दोन तासांत खिंड येते. इथे पंधरा मिनिटं बसा. एका हाताला साल्हेरच्या पायऱ्या, दुसऱ्या हाताला सालोट्याचा उभा कडा, आणि खाली वाघांबेची कौलं. १६७२ च्या फेब्रुवारीत, म्हणजे जवळजवळ याच दिवसांत, या डोंगरांच्या पायथ्याला मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजरांच्या फौजांनी साल्हेरला वेढा घालून बसलेल्या मोगलांना उघड्या मैदानावर हरवलं. सूर्यराव काकडे त्या लढाईत पडले. मी दर वेळी इथून खाली बघतो तेव्हा पहिला प्रश्न मनात येतो तो पाण्याचा. एवढी माणसं, एवढे घोडे, आणि ही कोरडी माती. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यात साल्हेर आहे. तेव्हा भिंतीवर नाव कोरायचा मोह कुणाला झाला तर त्याचा हात तिथेच धरा.

सालोटा : पाय ताजे असताना

खिंडीतून सालोट्याच्या कुशीतून आडवी जाणारी वाट धरायची. ही वाट अरुंद आहे, एक बाजू मोकळी. नजर पावलावर ठेवा, दृश्य बघायचं तर थांबून बघा. मग कातळात खोदलेल्या पायऱ्या लागतात. एकेक पायरी गुडघ्याला भिडेल इतकी उंच, कडा झिजून गोल झालेल्या, काही ठिकाणी मधोमध तुटलेल्या. इथे काठी पाठीला अडकवा आणि दोन्ही हात मोकळे ठेवा. तीन आधार जागेवर असल्याशिवाय चौथा हलवायचा नाही. दोन हात आणि एक पाय पक्का, मग दुसरा पाय.

पायऱ्यांच्या मध्ये आणि वर भुसभुशीत मुरूम आहे. याच्यासाठीच मी सालोटा सकाळी करायला सांगतो. मुरमावर तोल सांभाळणारे पाय सकाळी असतात, दुपारी तीनला नसतात. एका वेळी एकानं मुरमाचा टप्पा पार करायचा, बाकीच्यांनी बाजूला, कातळाच्या आडोशाला उभं राहायचं. दगड निसटला तर ज्याच्या पायाखालून निसटला त्यानं मोठ्यानं "दगड!" म्हणून ओरडायचं. खालच्यांनी वर बघायचं नाही, कातळाला चिकटायचं.

माथा लहान आहे. समोर साल्हेरची अख्खी भिंत उभी असते, सकाळचं ऊन तिच्यावर तिरकं पडतं आणि कातळात खोदलेल्या पायऱ्यांची रेघ, दरवाजे, सगळं बोटानं दाखवावं इतकं स्वच्छ दिसतं. पुढचा सगळा रस्ता इथूनच पाहून घ्या. बसा, दशमी खा, पण सव्वानऊनंतर रेंगाळू नका. उतरताना पायऱ्यांवर तोंड डोंगराकडे करून, शिडी उतरतात तसं उतरा. कुणी हसत नाही. खिंडीत परत साडेदहापर्यंत.

अकरा वाजून गेले आणि गट अजून सालोट्यावरच असेल, तर साल्हेर आज सोडा आणि खिंडीत सावली शोधून थांबा. हा नियम घरून निघतानाच सगळ्यांना सांगून ठेवा, म्हणजे वर वाद होत नाही.

साल्हेर आणि दुपार

साल्हेरचा चढ उंचीनं जास्त पण वागायला सरळ. पायऱ्या, एकामागून एक दरवाजे, मग कड्याच्या पोटातून जाणारी लांब आडवी वाट आणि तिच्या कडेनं खोदलेल्या गुहांची ओळ. उन्हाची पहिली झळ याच पायऱ्यांवर लागते. प्रत्येक दरवाज्याच्या सावलीत पाच मिनिटं थांबा आणि चार घोट प्या, तहान लागो न लागो. माथ्याच्या पठारावर गंगासागर तलाव आणि रेणुकादेवीचं देऊळ. तिथून थोडं वर, परशुरामाच्या टोकाच्या खाली, प्रशस्त गुहा आहेत. बाराच्या आत तिथे पोहोचायचं आणि बूट काढायचे.

मग साडेतीनपर्यंत हलायचं नाही.

हे मी अनुभवानं सांगतोय. पहिल्या खेपेला आम्ही क्रम उलटा केला होता. आधी साल्हेर, मग भर दोन वाजता खिंडीत उतरून सालोट्याकडे निघालो. साक्रीकडचे माझे मामा निघताना म्हणाले होते, "ऊनमा उतरू नको भो, सावलीमा बठ." आम्ही ऐकलं नाही. खिंडीच्या अलीकडे आमच्यातला एक जण पायरीवर बसला तो उठेचना. चेहरा पांढरा, कातडी गार आणि चिकट, हातात बाटली देऊनही टोपण फिरवता येईना. बोटं त्या टोपणावरून नुसती सरकत होती. त्याला सावलीत नेऊन पाय उंच केले, पंचा भिजवून मानेवर, काखेत ठेवला, मीठ-साखरेचं पाणी घोटघोट पाजलं. तासाभरानं तो सावरला. त्याला उतरवता-उतरवता अंधार पडला. सालोटा राहिला, आणि त्या दिवसापासून मी हा क्रम पाळतो.

तेव्हा सोबत्याकडे लक्ष ठेवा. बडबड्या माणूस गप्प झाला, चिडचिड करायला लागला, डोकं दुखतंय म्हणाला, पाय अडखळायला लागले की थांबा. हा थकवा आहे आणि सावली, पाणी, मीठ यानं उतरतो. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग चटका बसेल इतकं तापलं, शुद्ध हरपायला लागली तर तो उष्माघात. त्यात जीव जातो. मिळेल त्या पाण्यानं अंग भिजवा, वारा घाला, बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नका आणि दोघांना ताबडतोब गावाकडे मदतीला पिटाळा.

गुहेतली दुपार मला या दिवसातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो. आत गारवा असतो, समोर सालोटा उन्हात थरथरत असतो, आणि सकाळी आपण त्याच्या माथ्यावर होतो हे खरं वाटत नाही. झोपा. गुहेत चूल मांडू नका, छताला काजळी धरते आणि मोहोळं उठतात.

साडेतीनला परशुरामाच्या टोकावर जाऊन या, वीस-पंचवीस मिनिटांचा चढ आहे. छोटं देऊळ, आत पादुका. परशुरामानं इथून बाण मारून समुद्र मागे हटवला आणि कोकणची भूमी वर आली, अशी इथली कथा. हवा स्वच्छ असेल तर मुल्हेर, मोरा, हरगड हे किल्ले, त्यांच्या पलीकडे मांगी-तुंगीची जुळी टोकं दिसतात, पश्चिमेला गुजरातेतलं डांगचं जंगल. खाली हरणबारी धरणाचं पाणी चमकताना दिसलं तर ती मोसम नदी, इथूनच निघून मालेगावकडे जाणारी.

गारा आणि वीज

फाल्गुन म्हटलं की ऊन एवढंच लोकांच्या डोक्यात असतं. पण बागलाणातल्या द्राक्षवाल्याला विचारा, त्याला या महिन्यात आभाळाची धास्ती असते. दुपारनंतर पश्चिमेला ढग कोबीच्या गड्ड्यासारखे फुगत वर चढायला लागले, तळ काळा पडला, आणि तापलेल्या हवेत अचानक गार झोत आला, तर गारपीट तासाभरावर असू शकते.

एकदा आम्ही साल्हेरच्या गुहेत असताना पाऊण तास गारा पडल्या. करवंदाएवढ्या, काही बोरांएवढ्या. थांबल्यावर उतरायला लागलो तर पायऱ्यांच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे कातळाची सावली होती तिथे, गारांचे पांढरे ढीग साचलेले. वरचा थर वितळून खालच्या गारा एकमेकींना चिकटल्या होत्या, बुटाखाली कुरकुरत होत्या आणि मग एकदम सटकत होत्या. उन्हात आलेल्या पायऱ्या ओल्या पण धरणाऱ्या, सावलीतल्या काचेसारख्या. आम्ही बुटाच्या टाचेनं प्रत्येक पायरीवरच्या गारा बाजूला सारल्या, मग पाऊल टाकलं. अर्ध्या तासाची उतरण दीड तासाची झाली. तुमच्यावर ही वेळ आली तर तेच करा, किंवा त्याहून बरं, गुहेतच थांबा. फाल्गुनातलं ऊन गारांना फार वेळ टिकू देत नाही.

विजेचं गणित पाठ करून ठेवा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा, तीननं भागा, तेवढे किलोमीटर वीज लांब. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर टोक, कडा, एकटं झाड, तलावाचा काठ सोडायचा. गुहेत असाल तर तोंडाशी बसू नका, भिंतीला टेकू नका, आतल्या बाजूला पिशवीवर बसा. शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास गेल्याशिवाय निघायचं नाही. आणि अशा ढगांच्या वेळी सालोट्यावर असलात तर फोटो न काढता उतरायला लागा.

उतार

टोकावरून परत आलात की गुहा सोडा. आल्या वाटेनंच उतरा. साल्हेरवाडीकडेही वाट आहे, पण गाडी वाघांबेत आणि तुम्ही डोंगराच्या दुसऱ्या अंगाला, असं नवख्यांनी करू नये. उतरण्याआधी बुटाच्या नाड्या पुन्हा बांधा, घोट्याजवळ घट्ट, म्हणजे बोटं पुढे आपटत नाहीत. नखं आदल्या दिवशी कापलेली असावीत. काळी पडलेली अंगठ्याची नखं मी बऱ्याच जणांची पाहिली आहेत. काठीवर भार द्या, गुडघे किंचित वाकलेले ठेवा, पावलं छोटी.

अपघात बहुतेक शेवटच्या तासात होतात, गाव दिसायला लागल्यावर. खिंडीच्या खाली बोलणं कमी करा. राखीव लिटर पाणी इथे प्यायचं, त्यासाठीच ते आणलं होतं. साडेसहाच्या आसपास शेतं लागतात.

वाटाड्याचे पैसे द्या, बाटल्या-कागद मोजून पिशवीत आहेत ना बघा, हातपाय धुवा, मीठ घातलेलं काहीतरी खा. गाडी चालवणाऱ्यानं निदान अर्धा तास आडवं व्हावं. सेलबारीचा घाट दिवसभर चढून आलेल्या डोळ्यांनी अंधारात उतरायचा असतो. ताहराबादला रेंज येईल. तिथे चहा सांगायच्या आधी घरी फोन करा.